शाळेच्या पाटीआधी तिसरीचा वर्ग बघून या

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मिस्टरांची बदली मकरपुरा जीआयडीसीतल्या कंपनीत झालीय, मे महिन्यात बडोद्याला शिफ्ट व्हायचंय. कंपनी म्हणते पाच वर्षं तरी तिथेच. मांजलपूरला भाड्याचं घर बघितलंय. मुलगी दुसरीत आहे, मराठी माध्यम, वाचन छान आहे तिचं. मुलगा सीनियर केजीत, सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण होतील, जूनमध्ये पहिलीत जाईल. पगार हातात ४२ हजार येतो. मिस्टरांचे सहकारी सांगतात गोत्रीकडच्या एका सीबीएसई शाळेत दोघांना घाला, फी एकाची वर्षाला ५८ हजार, व्हॅनचे महिन्याला दीड हजार प्रत्येकी. घरापासून चालत पाच मिनिटांवर नगर प्राथमिक शिक्षण समितीची, म्हणजे महापालिकेची, गुजराती शाळा आहे, तिथे फीच नाही. दांडिया बाजारात माझ्या चुलत सासूबाई असतात, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, समितीच्या शाळेत आपल्यातलं कोणी घालत नाही आता, एवढी काय वेळ आलीय? मला फोन ठेवल्यावर रडूच आलं. पैसे वाचवायला मुलांचं नुकसान करतेय का मी? सरकारी की खाजगी, तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

ताई, चुलत सासूबाईंचं बोलणं आधी बाजूला ठेवू या, ते डोक्यात असेपर्यंत तुम्हाला कुठलीच शाळा नीट दिसायची नाही. ज्या गावात तुम्ही राहायला येताय तिथल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये आपल्या बडोदे संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ मध्ये ते अख्ख्या संस्थानाला लागू केलं, मुलींसकट. देशभरासाठी तसा कायदा यायला २००९ उजाडलं. दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा इथल्या कितीतरी मराठी घरांतले आजोबा-आज्या या फुकटच्या शाळांमध्येच शिकून मोठे झालेत, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, आणि तुम्हालाही वाटायचं काही कारण नाही. तुम्ही नुकसान करत नाही आहात, घर बदलायच्या गडबडीत आधी शाळेचा विचार करणारी आई आहात तुम्ही, तेवढं आधी मनात पक्कं करा आणि मग पुढचं वाचा.

आता सगळ्यात आधी धाकट्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात आणि तिथेच मोठी अडचण आहे. जूनमध्ये पहिलीत जाईल असं लिहिलंत. नाशिकला गेला असता, महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झाली तरी पहिलीत घेतात. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून नियम असा आहे की १ जूनला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. म्हणजे सप्टेंबरमध्ये सहाचा होणारा तुमचा मुलगा इथे या जूनमध्ये पहिलीत बसत नाही, सरकारीत पण नाही आणि खाजगीत पण नाही. त्याला बालवाटिकेत जावं लागेल, हा पहिलीच्या आधीचा वर्ग आता गुजरातच्या सरकारी प्राथमिक शाळांमध्येही असतो. हे ऐकून पोटात गोळा येतो हे मला माहितीये, वर्ष वाया गेलं असं वाटतं, केजीची फी परत भरायची का असं वाटतं, पण खरं सांगते, या एका मुलाच्या बाबतीत हे वर्ष तुमच्या फायद्याचं आहे. नवं गाव, नवी भाषा, आजी-आजोबा लांब, आणि त्यात पहिलीचं लिहिणं-वाचणं असं सगळं एकदम अंगावर येण्यापेक्षा एक वर्ष त्याला गाण्या-गोष्टींत गुजराती कानावर पडेल, मित्र होतील, आणि पुढच्या जूनला तो पावणेसातचा होऊन पहिलीत बसेल तेव्हा वर्गात बावरणार नाही. एखादी खाजगी शाळा म्हणेल की आम्ही अॅडजस्ट करून देतो, पहिलीतच बसवतो, कागद नंतर बघू. नका ऐकू. जन्मतारीख सरकारी पोर्टलवर चढते आणि ती पुढे प्रत्येक ठिकाणी निघते, तेव्हा त्रास मुलाला होतो, शाळेला नाही.

मोठीचं वेगळं आहे. ती दुसरी पास होऊन दाखला घेऊन येणार, तिला तिसरीत प्रवेश मिळेल. तिच्यासाठी खरा प्रश्न सरकारी की खाजगी हा नाहीच मुळी, भाषेचा आहे. आज ती मराठीत छान वाचते म्हणालात, ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि शाळा निवडताना हीच हातची जाता कामा नये.

गोत्रीच्या त्या सीबीएसई शाळेत काय होईल बघा. गणित, परिसर सगळं इंग्रजीतून, म्हणजे जी गोष्ट तिला आज येते ती सुद्धा येत नाही असं तिला वाटायला लागणार, वजाबाकी येते पण प्रश्नात काय विचारलंय तेच कळत नाही. वर हिंदी. वर गुजराती, कारण २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांना, मग बोर्ड कुठलंही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवणं बंधनकारक आहे, त्यामुळे गुजराती टाळायला इंग्रजी शाळा हा विचार असेल तर तो काढून टाका. आणि सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तुम्ही मेमध्ये येणार, म्हणजे पहिला महिना वर्ग पुढे निघून गेलेला असणार. आठ वर्षांच्या मुलीवर हे सगळं एकाच वर्षात टाकायचं आणि घरी ट्यूशन लावून भरून काढायचं, असं बऱ्याच घरांत चाललेलं मी बघते आणि जीव तुटतो अगदी, कारण संध्याकाळी सात वाजता ज्या पोरीने खाली सोसायटीत सायकल चालवायला पाहिजे ती इंग्रजीतले शब्दार्थ पाठ करत बसलेली असते आणि आई शेजारी रडकुंडीला आलेली असते.

गुजराती शाळेत काय होईल? पहिले दोन-तीन महिने तिला अडेल, लपवत नाही. पण लिपी बघा, देवनागरीची वरची रेघ काढून टाकली की अर्धी अक्षरं तिला ओळखीची दिसतील, ग, न, म, त, प, र, व, स, अगदी ळ सुद्धा. अडतात ती ठरावीक, अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ. एवढी अक्षरं एका जाड कागदावर मोठी लिहून तिच्या टेबलासमोर चिकटवा आणि मे महिन्यातच रोज दोन-दोन घ्या, सुट्टी संपेपर्यंत ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागेल. बडोद्यात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, रिक्षात बसलं की सगळीकडे पाट्याच पाट्या. पाढ्यांना इथे घडिया म्हणतात, तिचं बे एके बे इथे बे एका बे होतं, तिला गंमतच वाटेल. आणि खाली खेळायला गेल्यावर मुलं गुजरातीच बोलतात, ती शाळा संध्याकाळीही चालू राहते, त्याचे पैसे पडत नाहीत.

तुम्ही पाच वर्षं म्हणालात म्हणून मी हे बोलतेय. दीड-दोन वर्षांत परत नाशिकला जायचं असतं तर मी गुजराती माध्यम सुचवलंच नसतं, तेव्हा इंग्रजी किंवा हिंदी माध्यम बघा म्हटलं असतं. समितीच्या शाळा गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, इंग्रजी माध्यमातही चालत आल्यात, तेव्हा समितीच्या ऑफिसमध्ये एकदा विचारून ठेवा की मांजलपूर-मकरपुऱ्याच्या बाजूला कुठल्या माध्यमाचे वर्ग चालू आहेत आणि त्यांचा पट किती आहे. पट अगदी कमी असेल, एका वर्गात पाच-सात मुलं, तर नको, तिला वर्गात मैत्रिणी पाहिजेत. मराठी माध्यम मिळालं तरी आधी विचारा की आठवीपर्यंत आहे का आणि पुढे मुलं कुठे जातात, कारण मधेच सहावीत माध्यम बदलणं तिसरीत बदलण्यापेक्षा कितीतरी जड जातं.

मिस्टरांना इंग्रजीची काळजी असणार, साहजिक आहे, नोकरीत त्यांना ते रोज दिसतं. त्यांना सांगा की एका भाषेत सरसर वाचणारं आणि वाचलेलं समजून सांगणारं मूल दुसरी भाषा उचलतं, आणि दोन्हीत अडखळणारं मूल कुठलीच उचलत नाही. घरी रोज वीस मिनिटं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक दोघांनी मिळून वाचा, मोठ्याने, अर्थ मराठीत बोलत. वर्षाला लाखभर रुपये वाचले तर त्यातल्या थोड्याची चांगली पुस्तकं आणा.

आता समितीची ती शाळा. मी इथे बसून ती चांगली आहे असं म्हणणार नाही, कारण दोन गल्ल्या सोडून दोन समितीच्या शाळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि खाजगीतही तसाच असतो. दर एक-दोन वर्षांनी ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन तपासणारा असरचा अहवाल येतो, २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या चार मुलांमागे साधारण एकाला दुसरीचं पुस्तक नीट वाचता आलं. खाजगी शाळेतल्या मुलांचा आकडा सरकारीपेक्षा बरा होता, पण तिथेही निम्म्याहून कमीच. तो अहवाल शहरांचा नाही हे खरं, तरी एवढं कळतं की फी भरली म्हणजे मूल वाचायला शिकलं असं होत नाही. म्हणून पाटी सोडा, आत जा.

एप्रिलमध्ये एकदा बडोद्याला यायचं जमवा, दोघांनी नाही जमलं तर तुम्ही एकट्या या, पण शाळा चालू असताना या. गुजरातमध्ये उन्हाळ्याची सुट्टी मेच्या पहिल्या आठवड्यात लागते आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडतात, त्यामुळे सामान घेऊन मे महिन्यात आलात तर कुलूप बघून परत याल. आचार्यांना भेटा, इथे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात, सांगा की मुलीला तिसरीत आणि मुलाला बालवाटिकेत घालायचंय, वर्ग बघायचाय. चांगले आचार्य नाही म्हणत नाहीत. जे दारातूनच फॉर्म हातात देऊन वाटेला लावतात तिथे मला तरी शंका येते.

तिसरीच्या वर्गात गेलात की मुलांच्या वह्या मागा. दोन-तीन वेगवेगळ्या मुलांच्या, बाईंनी निवडून दिलेल्या नकोत, मागच्या बाकावरच्या घ्या. पर्यावरणाच्या प्रश्नाची उत्तरं तिन्ही वह्यांत शब्द न् शब्द सारखी असतील तर समजायचं की फळ्यावरून उतरवून घेतात. गणिताच्या पानावर बघा, चुकलेल्या गणितावर लाल फुली मारून सोडलीय की खाली बाईंनी ते परत करून घेतलंय. जिथे चुकलेलं गणित त्याच पानावर मुलाच्या अक्षरात दुसऱ्यांदा सोडवलेलं दिसतं आणि शेवटची तारीख गेल्या आठवड्यातली आहे, तो वर्ग चालू आहे असं खुशाल समजा. मग एखाद्या मुलीला प्रेमाने विचारा की मला एक पान वाचून दाखवशील का, पण पुस्तक मधेच उघडा, वर्षाच्या पहिल्या धड्याचं पान सगळ्यांना पाठ असतं. तुम्हाला गुजराती कळलं नाही तरी मूल बोट ठेवून अक्षर-अक्षर जोडतंय की वाक्य वाचतंय हे कानाला लगेच कळतं.

शिक्षक किती आणि वर्ग किती हे मोजा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक पाहिजे, पण लहान शाळेत ६० मुलांना दोन शिक्षक दिले तरी कायदा पाळला जातो, आणि मग पहिली ते पाचवी पाच वर्ग दोघांत वाटले जातात. एकच बाई तिसरी आणि चौथी एकत्र घेत असतील तर तुमच्या मुलीसाठी ती शाळा नको. भाषा नवीन असलेल्या मुलाला बाईंचा वेळ जास्त लागतो आणि तिथे तो मिळणार नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट सांगतेय कारण तुम्ही सरकारीकडे झुकलेल्या आहात, फी वाचते म्हणून डोळेझाक करू नका. आणि विचारा की निवडणुकीच्या, जनगणनेच्या कामाला शिक्षक गेले की वर्ग कोण सांभाळतं. हा प्रश्न विचारल्यावर सरकारी शाळेतले शिक्षक बहुतेक वेळा मनापासून बोलतात, त्यांनाही ते खुपत असतं.

मुलींचं स्वच्छतागृह बघितल्याशिवाय निघू नका. नळाला पाणी येतंय का, कडी लागते का, आतून. आठ वर्षांची मुलगी शाळेत पाच तास पाणी न पिता बसायला लागली की आजारी पडते आणि सांगत पण नाही. हे खाजगीतही बघा, चकचकीत रिसेप्शनच्या मागे दोनशे मुलींना तीन टॉयलेट असं असू शकतं. आणि घरी बसून एक काम करा, प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, असतो, तो आचार्यांकडून घ्या, यूडायसच्या साइटवर त्या शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, त्यात पट, शिक्षक, स्वच्छतागृहं सगळं लिहिलेलं असतं. तिथलं आणि डोळ्याने बघितलेलं जुळतं का बघा.

आता गोत्रीची शाळा. पैशाचा हिशोब तुम्ही केला असेलच, तरी लिहिते, दोघांची फी १ लाख १६ हजार, व्हॅन दहा महिन्यांची ३० हजार, म्हणजे पुस्तकं-गणवेश-सहली धरायच्या आधीच दीड लाखाला आलं, आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न पाच लाख. भाडं आहे, नाशिकला जाणं-येणं आहे, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी असेल. पगाराचा चौथा हिस्सा आणि वर काही प्राथमिक शाळेत घालायचा म्हणजे एखादं आजारपण आलं की फीचा हप्ता चुकणार आणि मुलांना वर्गात उभं राहून ऐकावं लागणार. मुलांना ते कळतं हो.

त्यातूनही बघायला जाणारच असाल तर विचारा की फी नियमन समितीचा आदेश दाखवा. गुजरातमध्ये २०१७ च्या कायद्याने प्राथमिकची फी वर्षाला १५ हजारांच्या वर घ्यायची असेल तर शाळेला समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते, बडोद्यासाठी वेगळी झोनची समिती आहे. म्हणजे ५८ हजारांतले किती मंजूर आणि किती वेगवेगळ्या नावांखाली घेतात हे त्या कागदावर कळतं. मुलीची लेखी परीक्षा किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये त्याला मनाई आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. भांडायला जा असं म्हणत नाही, पण तुम्हाला माहिती असलं की समोरचा नीट बोलतो. आणि वर्गशिक्षिका किती वर्षं तिथे आहेत ते विचारा. बऱ्याच खाजगी शाळांत पगार इतका कमी की दिवाळीनंतर बाई बदललेल्या असतात, आणि नव्या गावात आलेल्या मुलाचं पहिलं माणूस तीच असते.

अजून एक, जे बाहेरून येणाऱ्याला कोणी सांगत नाही. मांजलपूर ते गोत्री म्हणजे विश्वामित्री नदी आणि रेल्वे लाइन दोन्ही ओलांडून जाणं. आठ-नऊ महिने काही नाही, पण पावसाळ्यात नदी भरली की शहराचे दोन तुकडे होतात, अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, तर दर पावसात पाण्याखाली असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पूर आला तेव्हा कित्येक भागांत लोक दिवसच्या दिवस घरात अडकले होते. सकाळी कोरड्यात गेलेली व्हॅन दुपारी पाण्यात अडकली, मुलं पलीकडच्या काठावर, तुम्ही अलीकडे, फोन लागत नाही, ही कल्पना करा. पहिली-दुसरीतल्या मुलाची शाळा नदीच्या आपल्याच बाजूला हवी, सरकारी असो खाजगी असो, यावर मी हट्टीच आहे. चालत पाच मिनिटांवर असेल तर त्याहून चांगलं काय, जाता-येता बाईंशी दोन शब्द बोलणं होतं, डबा विसरला तर नेऊन देता येतो, आणि नवीन गावात तुम्हाला पण दारात उभ्या असलेल्या चार आया भेटतात. तुम्हालाही माणसं लागणार आहेत ना.

तर मी काय केलं असतं? दोघांना घराजवळच्या समितीच्या शाळेत घातलं असतं, मोठी तिसरीत, धाकटा बालवाटिकेत, वह्या आणि वाचन बघून आल्यावर. तिथे वर्ग जोडलेले निघाले किंवा तिसरीला शिक्षकच नाही असं दिसलं तर गोत्रीला धावले नसते, मांजलपूर, तरसाली, लालबागच्या बाजूला ट्रस्टच्या गुजराती माध्यमाच्या, कमी फीच्या शाळा बघितल्या असत्या, त्यांना पण हेच सगळे प्रश्न विचारून. आणि एकदा घातलं की निदान दोन वर्षं हलवलं नसतं. सप्टेंबरमध्ये कोणीतरी पाहुणा म्हणेल अमुक शाळा फार छान, तेव्हा मनावर घेऊ नका, घर बदललेल्या मुलाची शाळा त्याच वर्षात परत बदलणं हे फार जड जातं त्याला.

धाकट्यासाठी मात्र, दोन वर्षं न हलवण्याला अपवाद म्हणून, अजून एक दार उघडं आहे आणि ते त्या बालवाटिकेच्या वर्षामुळेच उघडतं. खाजगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा आरटीईतून, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्यातून, मोफत भरतात, आठवीपर्यंत फी नाही. गुजरातने २०२५ मध्ये उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६ लाखांपर्यंत नेली, तुम्ही त्यात बसता. पुढच्या वर्षी जूनला तो सहाचा पूर्ण असेल तेव्हा अर्ज करता येईल, फॉर्म ऑनलाइन उन्हाळ्याच्या आधी निघतात. अनाथ मुलं, दारिद्र्यरेषेखालची घरं अशा गटांना आधी प्राधान्य असतं, तेव्हा मिळेलच असं धरून चालू नका, पण भरायचा जरूर. आणि भरताना घराजवळच्याच शाळा निवडा, नदीपलीकडच्या नको. त्यासाठी एक काम आत्ताच करावं लागेल, भाडेकरार रजिस्टर्ड करून घ्या. इथे घरमालक नोटरी करून देतो म्हणतात, आरटीईच्या फॉर्मला ती चालत नाही, घर ठरवतानाच बोलून घ्या, नंतर कोणी करून देत नाही. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतून निघतो, तो जानेवारीतच काढून ठेवा, ऐन वेळी तिथे खूप गर्दी होते.

मराठीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. ते घरी सांभाळावं लागेल आणि ते होतं, बडोद्यात होतं. रात्री झोपताना गोष्ट मराठीतच वाचायची, आजीला आठवड्यातून एक पत्र तिने स्वतः लिहून पाठवायचं, फोटो काढून पाठवलं तरी चालेल पण लिहिलेलं हाताने पाहिजे. मांडवीजवळ महाराजांच्या काळातली सेंट्रल लायब्ररी आहे, तिथे मराठी पुस्तकं भरपूर आहेत, चुलत सासूबाईंकडे दांडिया बाजारात जाल तेव्हा वाटेत तिथे थांबा. सासूबाईंना पण जाऊ द्या हो, मुलगी त्यांच्यासमोर गुजरातीतलं पुस्तक वाचायला लागली की त्या स्वतःच शेजारी सांगत सुटतील.

नाशिकहून निघताना मोठीचा शाळा सोडल्याचा दाखला, दुसरीचा निकाल, दोघांचे जन्मदाखले आणि आधार एका फाइलमध्ये घ्या. नावाची स्पेलिंग आणि वडिलांचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते आत्ताच तपासा, इथे शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी लिहितात, तेव्हा कुठे काय लिहिलंय ते नीट बघून सही करा. जुन्या शाळेतून मोठीचा पेन नंबर लिहून घ्या, तो यूडायसचा कायमचा नंबर असतो, आणि त्यांना सांगा की पोर्टलवरून तिचं नाव सोडा, नाहीतर इथल्या शाळेला तिची नोंद ओढून घेता येत नाही आणि दोन्ही शाळा एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. दाखला यायला उशीर झाला तर घाबरू नका, सरकारी किंवा अनुदानित शाळेत त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, कायद्यातच तसं आहे. वह्या आणि तो वाचनाचा प्रकार बघून आलात की मला परत लिहा, काय दिसलं ते सविस्तर लिहा, तिसरीच्या बाई कशा वाटल्या ते सुद्धा.